झाडाला दगडफूल लागलं म्हणून झाड तोडायचं का? खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या, जांबोटी रस्त्यालगतच्या एका गावातलं आहे. घर मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या सुभेदारांचं. पस्तीसेक वर्षांपूर्वी रजेवर आले असताना त्यांनी बेळगावच्या एका रोपवाटिकेतून दोन रोपं आणली. एक फाटकाजवळ लावलं, एक गोठ्यामागं. दोन्ही झाडं आता तीन मजली घरापेक्षा उंच आहेत. गावात कुणी त्यांना ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतं, कुणी ‘सुरू’.

गोठ्यामागचं झाड हिरवंगार आहे. फाटकाजवळच्या झाडाची तब्येत मात्र गेल्या तीन पावसाळ्यांपासून बिघडत चालली होती. खालच्या फांद्या तपकिरी होऊन गळत होत्या, मधल्या फांद्यांचा रंग उडत होता, शेंड्याची वाढ थांबल्यात जमा होती. बुंध्यावर राखाडी-हिरव्या पापुद्र्यांचे मोठमोठे चट्टे होते आणि झाड दक्षिणेकडं कललेलं होतं. घरातल्यांनी या सगळ्याचा एकच अर्थ लावला: बुरशी लागली, तिनं झाडाचा रस ओढला, मुळं ढिली पडली, म्हणून झाड कललं आणि आता ते पडणार. थोरल्या मुलानं कटर मशीनवाल्याशी बोलणीही केली होती. मशीनवाल्याचं म्हणणं ठाम होतं, “सुरू हाय हे. सुरूला परवाना लागत नाही.”

सुभेदारांची नात माझ्याकडं वनस्पतिशास्त्र शिकायची. तोडण्याआधी सरांना एकदा दाखवूया, असा हट्ट तिनं धरला. मी गेलो तेव्हा सुभेदारकाका मला थेट बुंध्याशी घेऊन गेले आणि नखानं एक पापुद्रा उचलत म्हणाले, “सर, हे बघा की. ह्यानंच खाल्लंय झाड. काढलं तरी परत येतंय.”

त्यांच्या या समजुतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. काकांची सुपारीची बाग आहे. पावसाळ्यात कोळेरोग, म्हणजे सुपाऱ्या कुजवणारा रोग, आला की कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. ज्याच्या बागेत बुरशीसारख्या जीवानं खरोखर पीक नेलंय, त्याला झाडावर बुरशीसारखं काही दिसलं की धसका बसणारच. त्यामुळं “काही नाही, घाबरू नका” एवढं सांगून परत येणं मला पटेना. बुंध्यावर काय आहे, झाड काय आहे आणि त्या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, हे त्यांच्यासमोरच तपासायचं ठरवलं.

आधी झाडाची ओळख

सुरू आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. पानं सुयांसारखी, फळं छोट्या शंकूंसारखी, त्यामुळं तो पाईनच्या कुळातला वाटतो. पण सुरू हा सपुष्प वृक्ष आहे, म्हणजे आंबा-फणसाच्या बाजूचा. त्याची ‘सुई’ हे खरं तर पान नसून पेरापेरांची बारीक डहाळी असते. ती ओढली की पेरावर सुटते, आणि त्या सांध्याभोवती खवल्यांएवढ्या इवल्या पानांचं कडं दिसतं. हे करून बघायला भिंगसुद्धा लागत नाही.

फाटकाजवळच्या झाडाची डहाळी पेरावर सुटेना. तिच्यावर टोकदार खवल्यांसारखी पानं एकावर एक दाट बसलेली होती. बुंध्याची साल कागदासारख्या पातळ आडव्या पट्ट्यांनी सुटत होती आणि जुन्या जखमेवर पांढरट राळ वाळलेली होती. हा अरोकेरिया. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा, कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत, १७७४ साली, युरोपियनांच्या नजरेला पडलेला ‘कुक पाईन’. भारतातल्या रोपवाटिकांत तो बहुधा ‘नॉरफोक पाईन’ या त्याच्या भावंडाच्या नावानं विकला जातो. हा खरा सूचिपर्णी वृक्ष, अनावृतबीजी. त्याला फूल नाही, फळ नाही, बी शंकूच्या खवल्यावर उघडंच. अरोकेरियाच्या घराण्याचे जीवाश्म ज्युरासिक काळापासूनचे आहेत.

ही ओळख पटवणं कायद्याच्या दृष्टीनंही गरजेचं होतं. १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खासगी जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. काही लागवडीच्या जातींना त्यातून सूट आहे, त्यांत सुरू येतो. मशीनवाला ज्या सवलतीवर विसंबून होता, ती दुसऱ्याच झाडासाठीची होती.

कल

पडण्याची भीती सगळ्यांत मोठी, म्हणून ती आधी मिटवली. गावातल्या गवंड्याचा ओळंबा आणला. दोन मीटर उंचीवरून सोडला तर तळाशी बुंधा १७ सेंटिमीटर सरकलेला. म्हणजे कल सुमारे ५ अंशांचा, दक्षिणेकडं. मग गोठ्यामागच्या निरोगी झाडाला ओळंबा लावला. तेही दक्षिणेकडंच, जवळजवळ तेवढंच कललेलं.

कुक पाईनची ही जगभरची खोड आहे. २०१७ साली ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात पाच खंडांतल्या २५६ झाडांची मोजणी प्रसिद्ध झाली. सरासरी कल ८.५५ अंश, आणि तो बहुतेक सगळ्या झाडांत विषुववृत्ताच्या दिशेनं. उत्तर गोलार्धातली झाडं दक्षिणेकडं झुकतात, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडं. विषुववृत्तापासून जितकं लांब, तितका कल जास्त. खानापूर साडेपंधरा अंशांवर आहे, त्यामुळं इथला कल सरासरीपेक्षा कमी असणं स्वाभाविकच. उत्तरेच्या बाजूला जमिनीला भेग नव्हती, माती उचललेली नव्हती. घरही उत्तरेला, म्हणजे झाड झुकलंय ते भातशेतीकडं. हे ऐकल्यावर काकूंनी पहिल्यांदा खुर्ची पुढं ओढली आणि आमच्यात येऊन बसल्या.

बुंध्यावरचा चट्टा

चट्टे होते शैवाकांचे. आपल्या स्वयंपाकघरातलं दगडफूल त्याच घराण्यातलं. शैवाक हा एक जीव नव्हेच. त्याचा आकार, अंग, वरचं आवरण हे सगळं बुरशीचं. पण त्या आवरणाखाली सूक्ष्म हिरव्या शैवालाचा पातळ थर असतो, बहुधा ट्रेबूक्सिया या वंशाचा, आणि सूर्यप्रकाशावर अन्न शिजवण्याचं काम तोच करतो. शैवाल रायबिटॉल नावाची साखर बनवतं, ती बुरशीला मिळते. बुरशी शैवालाला ऊन-वाऱ्यापासून आडोसा देते आणि ओल धरून ठेवते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ झिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे दुहेरी स्वरूप मांडलं तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी त्यांची टर उडवली होती. २०१६ साली तर काही शैवाकांच्या वरच्या थरात तिसरा सोबती, एक यीस्ट, सापडला.

आमच्याकडं याचा अभ्यास मोलाचा झाला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतल्या शैवाकांवर आयुष्यं घालवली. भारतातून अडीच हजारांवर जाती नोंदल्या गेल्यात, आणि तरीही शाळेच्या पुस्तकात त्यांना दोन ओळी मिळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काकांच्या अंगणात हे सगळं तोंडी सांगून भागणार नव्हतं. मी एका चट्ट्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं. राखाडी, कुरकुरीत पापुद्रा बघता बघता मऊ आणि हिरवा झाला. वरचं आवरण भिजलं की पारदर्शक होतं आणि आतलं शैवाल दिसू लागतं. मग मऊ झालेला तुकडा सुरीच्या पात्यानं अलगद सोडवला. खालची बाजू काळी, तिच्यावर बारीक केसांसारखे तंतू. भिंगातून नातीनं पाहिलं आणि आजोबांना दाखवलं: तंतू सालीच्या वरच्या, मेलेल्या, सुटायला आलेल्या कागदी थरात अडकले होते. त्या थराखाली नखानं खरवडलं तर साल ओली आणि जिवंत होती, तिच्यात एकही तंतू उतरलेला नव्हता. रस ओढायला जिथपर्यंत पोचावं लागतं, तिथं शैवाक पोचतच नाही. त्याला झाडाकडून हवी असते ती उन्हापावसात टिकून राहायला एक जागा. फार दाट वाढला तर सालीवर ओल जास्त रेंगाळते आणि किडींना लपायला आडोसा मिळतो, एवढं मान्य करायला हवं. पण त्यानं पस्तीस वर्षांचं झाड पिवळं पडत नाही.

“मसाल्यात घालतो ते दगडफूल हेच काय हो?” काकूंनी विचारलं. बेळगावात रविवार पेठेत मिळणाऱ्या पुड्यांत पार्मोट्रेमा या शैवाकवंशाच्या आणि त्याच्या जवळच्या जाती मिसळलेल्या असतात, बहुतेक माल हिमालयातून आणि दक्षिणेतल्या डोंगरांतून येतो. इथलाही त्याच कुळातला. पण खरवडून मसाल्यात घालू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. शैवाकाला मुळं नाहीत, तो जे घेतो ते हवेतून आणि पावसातून, अंगभर शोषून, आणि घेतलेलं बाहेर टाकायची सोय त्याच्याकडं जवळजवळ नाहीच. १९८६ मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली तेव्हा स्कँडिनेव्हियातल्या शैवाकांनी किरणोत्सारी सिझियम धरून ठेवलं, ते खाणाऱ्या रेनडियरांच्या मांसात उतरलं आणि ते मांस फेकून द्यावं लागलं. काकांच्या झाडावर तर औषधाची फवारणी झाली होती. त्या फवारणीकडं पुढं येतो.

दोघांची तुलना कशासाठी

शैवाक आणि अरोकेरिया शेजारी ठेवून पाहिले तेव्हा हे प्रकरण सुटलं. दोघंही फुलाफळांशिवाय जगतात, दोघंही वाऱ्यावर भिस्त ठेवतात: झाड परागासाठी, शैवाक बीजाणूंसाठी आणि कडांवरून उडणाऱ्या भुकटीसाठी, जिच्या कणाकणात बुरशी व शैवाल दोन्ही असतात. खरा फरक पाण्याचा आहे.

शैवाक कोरडा पडला तर मरत नाही. एप्रिलमध्ये तो वाळून कागद होतो, त्याचे सगळे व्यवहार थांबतात, आणि वळवाची पहिली सर पडली की काही मिनिटांत पुन्हा सुरू होतात. झाडाला ही मुभा नाही. अरोकेरियाच्या लाकडात मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची अखंड धार लागते. ती तुटली की वरचा भाग वाळतो आणि परत हिरवा होत नाही. म्हणून शैवाकाचं बरंवाईट बुंध्यावरच्या हवेत ठरतं आणि झाडाचं जमिनीखाली. पिवळं पडणारं झाड पाहताना आपण बुंध्याकडं बघत राहतो, कारण डोळ्यांच्या उंचीवर तोच असतो.

आणखी एक गोष्ट मला सांगाविशी वाटते, कारण ती ऐकून काकांचा बुरशीवरचा राग खरोखर निवळला. जोडीदारीचा व्यवहार एकट्या शैवाकाचा नाही. अरोकेरियाच्या बारीक मुळांतही बुरशी राहते. तिचे धागे मुळाबाहेर मातीत दूरवर पसरतात, स्फुरद गोळा करून झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. शैवाकात बुरशी यजमान आणि हिरवा जीव पाहुणा, झाडात नेमकं उलटं. पाईनच्या रोपांची लागवड दक्षिण गोलार्धातल्या काही देशांत सुरुवातीला फसत होती, जुन्या पाईनवनातली बुरशीयुक्त माती आणून मिसळल्यावरच ती रोपं वाढली. मुळांतल्या या बुरशीला आणि खुद्द मुळांना जगायला मातीत हवा लागते.

पुरावे

पहिला पुरावा वयाचा. उत्तरेच्या बाजूला, म्हणजे कललेल्या बुंध्याच्या वरच्या अंगाला, जिथं पावसाचं पाणी जास्त वेळ राहतं, तिथं एक चट्टा २२ सेंटिमीटर रुंद होता. पानासारखे पसरणारे शैवाक वर्षाला साधारण काही मिलिमीटर वाढतात. आपला पाऊस लक्षात घेऊन वर्षाला अगदी एक सेंटिमीटर धरलं, तरी मध्यापासून कडेपर्यंतच्या ११ सेंटिमीटरना ११ वर्षं लागतात. झाड बिघडायला लागून तीनच वर्षं झाली होती. नातीनं आत्याच्या लग्नातला फाटकासमोरचा फोटो शोधून आणला. फोटोत झाड भरगच्च हिरवं, आणि बुंध्यावर राखाडी चट्टे.

दुसरा पुरावा थोरल्या मुलानं नकळत तयार करून ठेवला होता. सुपारीसाठी केलेलं बोर्डो मिश्रण उरलं, ते त्यानं दोन वर्षांपूर्वी पुरुषभर उंचीपर्यंत या बुंध्यावर मारलं होतं. चुना आणि मोरचूद यांचं हे मिश्रण १८८५ पासून द्राक्षांवर वापरात आलं, आणि त्यातलं तांबं शैवाकांना सोसत नाही. फवारलेल्या पट्ट्यातले बरेच पापुद्रे मेले होते. त्यानंतरच्या दोन्ही पावसाळ्यांत झाडाचं पिवळेपण मात्र वाढतच गेलं. शैवाक मेला, झाडाला फरक पडला नाही.

तिसरा पुरावा गोठ्यामागं उभा होता: तेच रोप, तेच वय, बुंध्यावर तसेच चट्टे, आणि तब्येत ठणठणीत. त्याच्या शेजारचा फणस तर शैवाकांनी पांढुरका झालेला, आणि अंगभर फळं.

उलट फाटकाजवळच्या झाडावर नवे चट्टे वाढले होते हे खरं आहे. फांद्या गळल्या, उजेड बुंध्यापर्यंत पोचला. वाढ मंदावली, साल पूर्वीसारखी सुटेना. शैवाकाला ऊन आणि स्थिर जागा दोन्ही मिळाली. झाड खंगल्यामुळं शैवाक वाढला होता. घरातल्यांनी परिणामाला कारण मानलं होतं, आणि वेळेचा क्रम माहीत नसताना कुणीही तेच मानलं असतं. बाकी, कणकुंबी-चोर्ल्याकडं चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, गोकाककडं पाच-सहाशे. या उतारावर खानापूरच्या ओल्या टोकाला झाडांवर शैवाक दिसणं ही हवा स्वच्छ असल्याची खूण आहे. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शैवाक आहेत, शहराच्या इतर भागांत मात्र ते दिसत नाहीत, आणि हवा किती स्वच्छ आहे ते शैवाकांवरून कळतं, हे शैवाकतज्ज्ञ नायलँडर यांनी १८६६ मध्येच नोंदवलं होतं.

मूळ दुखणं

कोणत्याही मोठ्या झाडाचा बुंधा जमिनीपाशी रुंदावतो, मुळं फाकताना दिसतात. गोठ्यामागच्या झाडाला तो फाकलेला पाया होता. फाटकाजवळचं झाड मात्र खांब रोवल्यासारखं सरळ जमिनीत शिरत होतं. काकूंना संध्याकाळी बसायला म्हणून चार वर्षांपूर्वी तिथं गोल कट्टा बांधला होता, आत दीड फूट लाल माती भरली होती, आणि उरलेल्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले होते. पन्हाळीचं पाणीही त्याच बाजूला सोडलं होतं.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात. त्यांच्यावर आणखी दीड फूट माती, तिच्यावर जून ते सप्टेंबर साचलेलं पाणी. मुळांना हवा मिळेना. बारीक मुळं मेली, त्यांच्यासोबतची बुरशीही गेली, आणि वर पाणी चढणं कमी झालं. कट्टा बांधला तेव्हा कुणाच्याही मनात झाडाचं वाईट नव्हतं, उलट झाडाची सावली आवडली म्हणून तो बांधला होता. म्हणूनच त्याच्यावर कुणाला संशय आला नाही.

काय केलं

मार्चमध्ये कट्टा उतरवला. माती पहारीनं न काढता खुरप्यानं आणि हातानं काढली, मुळांना नवी जखम नको म्हणून. भरावाच्या मातीत बारीक मुळं वरच्या दिशेनं चढलेली सापडली, हवेच्या शोधात. मूळ पातळी लागली तेव्हा पूर्वेकडं तळाशी तळहाताएवढी साल तपकिरी, आंबूस वासाची आणि मेलेली होती. बाकी घेर जिवंत होता. मेलेला भाग उघडा ठेवून वाळू दिला, त्यावर चुना नाही, रंग नाही, शेण नाही. बुंध्याभोवती दोन मीटरपर्यंतचे पेव्हर काढले, पन्हाळीचं पाणी चर खणून भातशेताकडं वळवलं. उघड्या मातीवर पालापाचोळ्याचा पातळ थर दिला, बुंध्याला न टेकवता. शैवाकांना हात लावला नाही. काकूंचा कट्टा फणसाजवळ, पण बुंध्यापासून लांब, नुसत्या दगडी बाकाच्या रूपात पुन्हा उभा राहिला.

एक पावसाळा गेला. मधल्या फांद्यांचं पिवळेपण पुढं सरकलेलं नाही. गळालेल्या फांद्या परत येणार नाहीत, हे काकांना आधीच सांगितलं होतं. मात्र कुक पाईन बुंध्यातून नव्या आखूड फांद्या फोडू शकतो, आणि तशा काही कोंभांची हिरवी टोकं उत्तरेकडच्या चट्ट्यांच्या मधून निघाली आहेत. परवानगीचा अर्ज केलेला नाही. मशीनवाल्याला काकांनी स्वतः फोन करून नको म्हणून कळवलं.

पूर्वेकडच्या मेलेल्या सालीच्या कडेला नातीनं पांढऱ्या ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली आहे. दिवाळीनंतर त्या रेघेच्या वर आणि दोन्ही बाजूंना साल खरवडून बघायची. रेघेपलीकडं ओली जिवंत साल लागली तर झाडाला आणखी काही करायचं नाही. कूज घेराच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढं गेली असेल तर शेंडा उतरवून झाडावरचा भार कमी करायचा, आणि त्यासाठीचा अर्ज मग वृक्ष अधिकाऱ्याकडं अरोकेरिया या नावानं जाईल.